नाक दिसतं, चेहरा दिसत नाही

आरशात पाहावं आणि फक्त नाकच दिसावं! ‘बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर’ असलेल्यांचं काहीसं असंच होतं. इतरांच्या लक्षातही न येणारा एखादा व्रण त्यांना तासन्‌तास छळतो. इटालियन मनोविकारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. शंभरात साधारण दोघांना तो असतो.

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये रुग्णांना त्यांच्याच चेहऱ्याचे धूसर फोटो दाखवले. अशा फोटोत बारकावे पुसले जातात, एकूण ठेवणच उरते. तेव्हा रुग्णांच्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रातली सक्रियता इतरांपेक्षा कमी भरली. म्हणजे बारकावे ठळक, पण अख्खा चेहरा निसटलेला.

मग स्वतःचं चित्र काढलं तर? हात ताठ करून पेन्सिल धरायची, एक डोळा मिटायचा, दोन डोळ्यांमधलं अंतर मोजून नाकाच्या लांबीशी ताडायचं. या मोजमापात ‘कुरूप’ हे एकक नाही. आरशासमोर उभं राहून, नावं न ठेवता, सगळ्या शरीराचं वर्णन करण्याचा सराव उपचारातही करून घेतात.

मात्र तीच रेघ दहादा खोडली जाऊ लागली, की कागदाचाही आरसा होतो. चित्र सोबत करतं; उपचार म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार आणि गरजेनुसार औषधं.