दुखणे पाळीबरोबर येते का?

दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी करणारी नात फोनवर म्हणाली, "आजी, खोकल्यातून रक्त पडलं," तर आपल्या मनात आधी क्षय येतो. तो तपासलाच पाहिजे. पण आम्ही सुचवतो, आणखी एक गोष्ट विचारावी: "दर पाळीला असंच होतं का गं?"

गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर शरीरात दुसरीकडे वाढतो, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. तो बहुधा ओटीपोटात असतो. क्वचित बेंबीत, सिझेरियनच्या जुन्या व्रणात किंवा छातीतही आढळतो. व्रणातली गाठ पाळीत सुजते, दुखते. छातीत असल्यास दम लागतो, कधी फुफ्फुसाभोवती हवा साठते, आणि ती बहुतेक वेळा उजव्या बाजूला.

निदानाची पहिली पायरी म्हणजे तारखा. पाळी आणि दुखणे एकाच वहीत लिहावे. गाठीसाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय, छातीसाठी एक्स-रे व सीटी स्कॅन करतात. शक्यतो त्रासाच्या दिवसांत. पक्की खात्री तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर होते. स्कॅन स्वच्छ आला म्हणून आजार नाहीच, असे नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि छातीचे डॉक्टर दोघांनाही वही दाखवावी.

रक्त पडले किंवा एकाएकी दम लागला, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. सिलिकॉन ओएसिसमध्येच फकीह युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आहे.

"बाईने सोसायचंच असतं," असे आम्हांला सांगितले गेले. नातींना आपण ते सांगू नये.