हप्ता कुणाचा, फोटो कुणाचा?

नांदेड-लातूरकडे मुक्त छायापत्रकारांबद्दल एक समज घट्ट बसला आहे: कॅमेरा कुणाच्याही पैशाने येवो, फोटो काढणाऱ्याचाच. मोर्चा मराठा आरक्षणाचा असो, की या दोन्ही जिल्ह्यांतून आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाविरुद्धचा शेतकऱ्यांचा. आयोजकांनी लेन्सचा हप्ता भरला आणि बदल्यात चार फोटो मागितले तर बिघडले कुठे? बिघडते ते कायद्यातच. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे फोटोचा पहिला मालक तो काढणारा. पण कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, पैसे देणारा ठरतो. नुसता भेट मिळालेला कॅमेरा मालकी हिरावत नाही, हे खरे. पण ‘हप्ता आम्ही भरतो, आमचा मोर्चा तू काढ’ ही भेट नव्हे, हा सौदा झाला. लेन्स काही वर्षांत जुनी होते. फोटोवरचा हक्क तो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे चालतो. रिकाम्या खुर्च्यांचा फोटो बाहेर येऊ द्यायचा की नाही, हेही मग आयोजकच ठरवणार.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की बँक आम्हाला दारात उभे करत नाही. छायापत्रकारिता हा व्यवसायच धरला जात नाही, हा त्यामागचा गैरसमज. सरकारी उद्योग वर्गीकरणात छायाचित्रणाचा 7420 हा वर्ग आहे आणि छायापत्रकारांचे काम त्यातच मोडते. उद्यम नोंदणी मोफत आहे. 2015 पासूनच्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंत आणि ‘किशोर’मध्ये 5 लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. विनातारण म्हणजे अनुदान मात्र नव्हे, फेडावे लागतेच. स्थानिक दैनिकाच्या मानधनात हप्ता निघत नाही, ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच जुनी बॉडी घेणे आणि लग्नसराईवर हप्ते काढणे यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. नवरीकडचे लोक मोर्चाच्या फोटोवर हक्क सांगायला येत नाहीत!

नांदेडच्या शंकरराव चव्हाणांच्या नावाचा राज्य सरकारचा पत्रकार कल्याण निधी कॅमेऱ्यासाठी आहे, असेही काहींना वाटते. तो आजारपण, अपघात, मृत्यू अशा प्रसंगांसाठी आहे. परदेशी देणगीचे प्रकरण अधिक नाजूक. परकीय योगदान कायदा, 2010 नोंदणीकृत वृत्तपत्राच्या वार्ताहराला अशी देणगी घेऊ देत नाही, आणि देणगीत वस्तूही येतात. केलेल्या कामाचे मानधन किंवा शिष्यवृत्ती मात्र चालते. थोडक्यात, काम विकावे, मदत मागू नये, असेच हा कायदाही सुचवतो. राहिला मोडतोडीचा प्रश्न. माध्यमकर्मींवरील हल्ल्यांविरोधात राज्य विधिमंडळाने 2017 मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण त्यातला ‘माध्यमकर्मी’ नोकरीवरचा किंवा कंत्राटावरचा. कुठल्याच दैनिकाचा कागद हाती नसलेल्याला भरपाई मागणे जड जाईल. तेव्हा लेन्सची किंमत विचारण्याआधी संपादकाकडून दोन ओळींचे पत्र घ्या, फोटोचा हक्क कुणाकडे राहील ते त्यात लिहून घ्या, आणि विमा काढताना दंगलीतले नुकसान पॉलिसीत धरले आहे का, हे वाचूनच सही करा.