सफारी : वन्य प्राण्यांचे निरीक्षण कसे करावे

सिंह, जिराफ, चित्ता हे प्राणी मुलांना चित्रांवरून ठाऊक असतात. परंतु मोकळ्या रानात त्यांना शोधून काढणे व त्यांना त्रास न देता पाहणे ही शिकून घ्यावयाची गोष्ट आहे. तिचा परिचय शिक्षकांस व्हावा, म्हणून पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण येथे घेतले आहे.

‘सफारी’ हा स्वाहिली भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘प्रवास’ असा होतो. तो अरबी ‘सफर’ या शब्दापासून बनला आहे. आपल्या मराठीत रूढ असलेला ‘सफर’ हा शब्दही त्याच मुळाचा होय.

सेरेंगेटी हे उद्यान टांझानिया देशाच्या उत्तर भागात आहे. ते १९५१ साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. मासाई लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘अंत नसलेले मैदान’ असा सांगतात. तेथे गुरे चारणाऱ्या मासाई लोकांना १९५९ साली शेजारच्या न्गोरोंगोरो क्षेत्रात जावे लागले, हेही विसरता कामा नये. दक्षिणेकडील मैदानातील माती ज्वालामुखीच्या राखेची असून पावसाळ्यात तेथे पौष्टिक गवत उगवते. फेब्रुवारीच्या सुमारास सुमारे तेरा लाख विल्डबीस्ट त्या भागात असतात व त्यांच्या माद्या तेथेच वितात. पुढे गवत व पाणी आटले, की हे कळप उत्तरेकडे मारा नदीच्या बाजूस जातात.

उद्यानाच्या मध्यभागी सेरोनेरा येथे प्रवाशांसाठी तंबूंचे तळ आहेत. या तळांना कुंपण नसते. त्यामुळे रात्री तरस किंवा सिंह तंबूजवळून जाऊ शकतो. म्हणून अन्न तंबूत ठेवू नये, रात्री तंबूचे दार पूर्ण बंद करावे आणि एकट्याने अंधारात जाऊ नये, हे नियम प्रत्येकाने कटाक्षाने पाळावयाचे असतात. बाहेर पडण्यापूर्वी विजेरीचा झोत चोहीकडे फिरवितात. पुष्कळ प्राण्यांच्या डोळ्यांत मागील बाजूस प्रकाश परतविणारा पडदा असतो. त्यामुळे त्यांचे डोळे अंधारात चमकतात व प्राण्याची चाहूल लागते.

प्राणी पाहण्यासाठी मोटारीतून जी फेरी काढतात, तिला ‘गेम ड्राइव्ह’ म्हणतात. ही फेरी भल्या सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर काढणे चांगले. दुपारच्या उन्हात सिंह सावलीत पडून असतात व गवतात दिसतही नाहीत. नवखा मनुष्य संपूर्ण प्राणी शोधू पाहतो, तर जाणता वाटाड्या त्याचा एखादाच अवयव शोधतो. उभ्या गवतातील पाठीची आडवी रेघ, हलणारा कान किंवा फांदीवरून लोंबणारी बिबळ्याची शेपटी त्यास पुरते. इतर प्राण्यांचे वर्तनही तो पाहतो. हरणांचा कळप चरणे थांबवून एकाच दिशेस टक लावून उभा असेल, तर तिकडे शिकारी प्राणी असण्याचा संभव असतो. गिधाडे एकामागून एक खाली उतरू लागली, तर तेथे मेलेले जनावर असावे असा तर्क करतात.

परंतु पाहण्याच्या हव्यासाने प्राण्यांचे नुकसानही होते. चित्ता सिंह व तरस यांना टाळण्यासाठी बहुधा दिवसा शिकार करतो. नेमक्या त्याच वेळी मोटारींनी त्याला गराडा घातला, तर सावज सावध होऊन निसटते. पिले असलेल्या मादीला अशी शिकार पुनःपुन्हा हुकणे परवडत नाही. पिलांवर उपासमारीची पाळी येते. याकरिता वाटेवरून मोटार खाली न उतरविणे, ताशी ५० किलोमीटरची वेगमर्यादा पाळणे, मोटारीतून खाली न उतरणे व गलका न करणे हे निर्बंध आहेत. चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले आणि २०२२ साली आफ्रिकेतून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडावे लागले. गमावलेला प्राणी परत आणणे किती कष्टाचे असते, हे मुलांना यावरून समजावून देता येईल.

हे निरीक्षण शिकविण्यासाठी आफ्रिकेत जाण्याची आवश्यकता नाही. शिक्षकांनी वर्गास सकाळी गावाच्या शिवारात न्यावे व पंधरा मिनिटे निःशब्द बसवावे. टिटवी केव्हा ओरडली, बगळे गुरांच्या मागे का फिरतात, मुंगूस कोठून आले व कोठे गेले, याची नोंद प्रत्येक मुलाने वेळ व ठिकाण यांसह वहीत करावी. घरट्यास हात लावू नये, दगड मारू नये व पाठलाग करू नये, हे आरंभीच बजावावे. नंतर वर्गात नोंदी वाचून घेऊन, प्रत्यक्ष काय पाहिले व त्यावरून कोणता तर्क केला, यांतील भेद मुलांकडूनच काढून घ्यावा.