परवानगीशिवाय आत येऊ नये

रामदासपेठेतले दवाखाने मोजायला बसलं तर एक सकाळ पुरायची नाही. विदर्भातून, छत्तीसगडातून, मध्य प्रदेशातून माणसं पेशंट घेऊन येतात आणि सेंट्रल बाजार रोडच्या आजूबाजूच्या इमारतींत पायऱ्यांवर, बाकांवर, डबे सांभाळत बसून राहतात. ज्या दाराकडे त्यांचे डोळे लागलेले असतात त्यावर पाटी असते : 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' आत आपलं माणूस निजलेलं असतं, तरी त्या पाटीचा कोणाला राग येत नाही. आतलं काम जपून व्हायचं तर आत मोजकीच माणसं हवीत, हे शाळेची पायरी न चढलेल्यालाही कळतं.

हीच पाटी आपल्या घरातल्या संगणकात आणि खिशातल्या मोबाइलमध्येही लावलेली आहे. ती दिसत नाही, पण दर क्षणाला हजारो वेळा पाळली जाते. आपले पैसे, फोटो, पत्रं सुखरूप राहतात ती बऱ्याच अंशी तिच्यामुळे. म्हणून रविवारच्या चहाबरोबर तिची थोडी ओळख करून घ्यायला हरकत नाही.

संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात आणि तिच्या सगळ्यात आतल्या भागाला कर्नल. लष्करातल्या कर्नलशी याचं नातं नाही. बदाम फोडल्यावर आत जी गिरी मिळते, ती कर्नल. मराठीत आपण गाभा म्हणू. डिस्क, पडदा, कळफलक, स्मरणशक्ती या सगळ्यांच्या किल्ल्या या गाभ्याकडे. बाकीचे प्रोग्रॅम, म्हणजे पत्र लिहिण्याचा, हिशेबाचा, पत्त्यांच्या खेळाचा, हे सगळे बाहेरचे. त्यांना डिस्कवर एक अक्षर जरी लिहायचं असलं तरी गाभ्याकडे मागणी करावी लागते. त्या मागणीला सिस्टीम कॉल म्हणतात.

गाभा म्हटल्यावर गाभारा आठवतो, पण ती उपमा मला नको. गाभाऱ्यात कोणी जायचं हे आपल्याकडे शतकानुशतकं जन्मावरून ठरलं. दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तिथे तरी हे विसरू नये. संगणकाचा गाभा कोणाचा जन्म विचारत नाही. तो कागद पाहतो, अधिकार तपासतो आणि काम करतो. उपमा द्यायचीच तर बँकेच्या काउंटरची द्यावी. माझी साडेतीन दशकं त्याच्या आतल्या बाजूला गेली.

स्लिप, टोकन आणि तिजोरी

जुन्या शाखेत पैसे काढायचे म्हणजे काय काय होई, हे पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. स्लिप भरायची. कारकून ती घेऊन पितळी टोकन द्यायचा. लेजरमध्ये शिल्लक पाहिली जाई, नमुन्याच्या सहीशी सही ताडली जाई, मग अधिकारी पास करी आणि शेवटी कॅशियर टोकनचा नंबर पुकारी. एकदा खेड्यातून आलेले एक म्हातारे शेतकरी वैतागून म्हणाले, ''साहेब, पैसे माह्ये, अन् मलेच कायले थांबोता?'' मी म्हटलं, ''बाबाजी, तुम्हाला थांबवतो म्हणूनच दुसऱ्या कोणाला तुमचे पैसे नेता येत नाहीत.'' ते हसले आणि बाकावर बसले.

सिस्टीम कॉल नेमका असाच चालतो. समजा, एखाद्या प्रोग्रॅमला पडद्यावर 'नमस्कार' लिहायचं आहे. चिपमध्ये काही छोटे खण असतात. गंमत म्हणजे त्यांनाही रजिस्टरच म्हणतात. प्रोग्रॅम एका रजिस्टरात हव्या त्या सेवेचा क्रमांक ठेवतो. आजच्या नेहमीच्या पीसीवरच्या लिनक्समध्ये वाचण्याचा क्रमांक ०, लिहिण्याचा १, फाइल उघडण्याचा २ आणि बंद करण्याचा ३. अशा तीनशेहून अधिक सेवा आहेत. दुसऱ्या रजिस्टरांत कुठे लिहायचं, कोणता मजकूर, किती लांबीचा, हे भरतो. झाली स्लिप तयार. मग तो एक खास आज्ञा देतो आणि स्वतः थांबतो. त्या आज्ञेसरशी चिप आपली अवस्था बदलते. बाहेरच्या माणसाचे अधिकार जाऊन आतल्या माणसाचे अधिकार लागू होतात, आणि तेही गाभ्याने आधीच नेमून दिलेल्या एकाच दारातून. ग्राहक काउंटरवरून उडी मारून आत येत नाही. त्याची स्लिप आत जाते.

आत गाभा तपासतो : हा क्रमांक खरा आहे का? मजकुराचा जो पत्ता दिला तो याच प्रोग्रॅमच्या हद्दीतला आहे, की शेजाऱ्याच्या? तिथे लिहायची याला मुभा आहे का? सगळं ठीक असेल तर काम होतं आणि किती अक्षरं लिहिली तो आकडा परत येतो. नसेल तर नकार येतो, कारणाच्या क्रमांकासह.

या फेरीला वेळ लागतो. आपल्याच टेबलावरची बेरीज करण्यापेक्षा काउंटरवर जाऊन येणं महाग. म्हणून हुशार प्रोग्रॅम एकेका अक्षरासाठी फेरी मारत नाहीत. पुरेसा मजकूर साठला की एकदम नेतात. आमचा शिपाईही प्रत्येक व्हाउचरमागे जिना चढत नसे, गठ्ठा करून नेई.

दार उघडंच होतं तेव्हा

ही शिस्त पहिल्यापासून सगळीकडे होती असं नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. त्या युनिक्सच्या माहितीपुस्तकाचा दुसरा विभाग पहिल्यापासून सिस्टीम कॉल्सचाच. पण १९८१ मध्ये आयबीएमने जो पीसी आणला, आणि जो पुढे आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासांत पोचला, त्यातल्या ८०८८ या चिपला आतलं-बाहेरचं हा भेदच ठाऊक नव्हता. त्यावर चालणाऱ्या डॉसने काउंटर मांडला होता. संगणकवाल्यांच्या सोळाच्या मोजणीत 'इंटरप्ट २१' नावाच्या खिडकीवर जाऊन क्रमांक सांगितला की तारीख मिळे, फाइल उघडे, मजकूर छापला जाई. मजकूर कुठे संपला हे कळण्यासाठी शेवटी डॉलरची खूण करावी लागे! पण काउंटरच्या शेजारचं तिजोरीचं दार सताड उघडं होतं. खिडकीवर जा, नाहीतर सरळ आत जा. अडवणारं कोणी नव्हतं.

या उघड्या दाराची वाट भारतातल्या एका पिढीला ज्यांनी दाखवली त्यांत नागपूरचं एक नाव ठळक आहे : यशवंत कानेटकर. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून बी.ई. आणि कानपूरच्या आयआयटीतून एम.टेक. झालेल्या कानेटकरांचं 'लेट अस सी' हे पुस्तक ज्याच्या हातून गेलं नाही असा भारतीय इंजिनिअर शोधावा लागेल. 'रायटिंग टीएसआर्स थ्रू सी' आणि 'अनडॉक्युमेंटेड डॉस थ्रू सी' ही त्यांची पुस्तकं तर थेट या आतल्या खोल्यांची. टीएसआर म्हणजे काम संपवूनही स्मरणात ठाण मांडून बसणारा प्रोग्रॅम. पीसीचं घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ वेळा टिकटिकतं. ती टिकटिक वाटेत अडवायची, पडद्याच्या कोपऱ्यात वेळ लिहायची आणि मूळ मालकाकडे पुढे सोडायची, हा त्या काळच्या मुलांचा आवडता उद्योग. यंत्र आतून कसं चालतं हे त्यांना नुसतं वाचून कळलं नाही, हात घालून कळलं. तो आनंद फार मोठा होता.

पण उघड्या दारातून विद्यार्थी येतात तसे चोरही येतात. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू लिहिला. तो फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात बसे आणि डिस्क वाचण्याची मागणीच अडवी. कोणी तो कप्पा पाहायला मागितला की दुसरीकडे लपवलेली मूळ, निर्मळ प्रत दाखवी. लेजर बदलून तपासनिसापुढे जुनं पान धरावं, तसं हे. गंमत अशी की त्यात भावांनी स्वतःचं नाव-पत्ता आणि फोनही लिहून ठेवला होता. इकडे पुण्यात कैलास आणि संजय काटकर या दुसऱ्या दोन भावांनी अशा घुसखोरांना हुडकणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले. थोरले कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, धाकटे संगणक शिकत. १९९५ मध्ये त्यातूनच 'क्विक हील' बाजारात आलं.

पुढे चिप बदलल्या आणि दाराला कडी लागली. 'लेट अस सी'च्या आवृत्त्या चाळल्या तरी तो बदल दिसतो. पुढच्या एका आवृत्तीत हार्डवेअरशी बोलण्याची डॉसची आणि विंडोजची पद्धत शेजारी शेजारी आहे आणि त्यामागे लिनक्सची प्रकरणं. त्यांत फोर्क नावाचा कॉल भेटतो. ही हाक दिली की प्रोग्रॅमची हुबेहूब प्रत जन्मते आणि एकाच हाकेला दोन उत्तरं येतात : पालकाला मुलाचा क्रमांक मिळतो, मुलाला शून्य. मूल संपलं तरी पालकाने चौकशी करेपर्यंत त्याचं नाव गाभ्याच्या वहीतून खोडलं जात नाही. पालक आधी गेला तर पोरक्या मुलाला साधारणतः क्रमांक १ चा मूळपुरुष पदरात घेतो. कादंबरीकाराला हेवा वाटावा असं हे कुटुंबकथानक आहे.

उत्तर वाचायचं असतं

१९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं यायला लागली. आमच्या शाखेत युनिक्सवर चालणारं यंत्र आलं, तेव्हा जुन्या मंडळींना एकच धास्ती होती : वीज गेली तर नोंदीचं काय? हा प्रश्न अडाणी नव्हता. प्रोग्रॅमने 'लिही' म्हटलं आणि गाभ्याने 'लिहिलं' म्हटलं, तरी ते बहुधा अजून कच्च्या वहीतच, म्हणजे स्मरणात असतं. डिस्कवर, म्हणजे पक्क्या खातेवहीत, ते थोड्या वेळाने उतरतं. मधल्या क्षणी वीज गेली तर नोंद गेली. म्हणून एफसिंक नावाचा वेगळा कॉल असतो : 'पक्क्या वहीत चढेपर्यंत मी इथेच उभा आहे.' खात्यातले पैसे वळते करणारा चांगला प्रोग्रॅम ही खात्री करून घेतल्याशिवाय ग्राहकाला 'झालं' सांगत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. मागितलं तेवढं मिळालंच असं नसतं. हजार अक्षरं लिहायला सांगितली तर सातशेच लिहिली जाऊ शकतात. डिस्क भरलेली असेल तर एकही नाही. गाभा तसं प्रामाणिकपणे सांगतो. पण पुष्कळ प्रोग्रॅम परतीचा आकडा वाचतच नाहीत. नोटा न मोजता खिडकी सोडणाऱ्या माणसासारखे ते पुढे चालू लागतात, आणि मग कोणाचा तरी प्रबंध, कोणाचं तरी लग्नाचं आमंत्रण 'सेव्ह' होऊनही सापडत नाही.

आणि आतलाच माणूस चुकला तर? १९ जुलै २०२४ या दिवशी जगाने ते पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा राखणदार प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात बसतो. चोर पकडायचे तर आत बसायलाच हवं, हा त्यामागचा विचार. त्या दिवशी त्याला पाठवलेल्या एका फेरबदलात एकविसाव्या रकान्याकडे पाहायला सांगितलं होतं, पण हाती रकाने होते वीसच. तो हद्दीबाहेर वाचायला गेला. बाहेरचा एखादा प्रोग्रॅम असा चुकला असता तर गाभ्याने त्याला एकट्याला बंद केलं असतं. हा आतलाच, त्याला आवरायला त्याच्याही आत कोणी नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख यंत्रं कोसळली. विमानं रखडली, हैदराबादच्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आपल्या बँका मात्र बचावल्या. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. तिजोरीत जेवढी कमी माणसं तेवढं बरं, हा जुना धडा मोठी किंमत मोजून पुन्हा शिकला गेला, आणि अशा राखणदारांना गाभ्याबाहेर बसवण्याची तयारी मायक्रोसॉफ्टने सुरू केली.

हे सगळं तज्ज्ञांनी पाहावं, आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. पण साखळीतली एक सही आपल्याकडे ठेवलेली आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा असतो. तिथे प्रत्येक ॲपला सहसा वेगळ्या वापरकर्त्याचा क्रमांक मिळतो, म्हणजे पत्त्यांच्या खेळाला बँकेच्या ॲपचं कपाट उघडता येत नाही. मात्र काही गोष्टींसाठी फोन तुम्हालाच विचारतो : या ॲपला संपर्क पाहू द्यावेत का? संदेश वाचू द्यावेत का? पडदा दुसऱ्याला दाखवावा का? अनेक फसवणुकींत चोराला कुलूप तोडावं लागत नाही. तो फोनवर गोड बोलतो, एखादं ॲप उतरवून घ्यायला लावतो आणि आपण घाईत 'हो' म्हणतो. गाभा काय करणार? त्याच्या दृष्टीने स्लिपवर सही खरी असते.

बँकेत आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेला नियम असा की नोंद करणारा आणि पास करणारा हे दोघं वेगळे असावेत, आणि पास करणाऱ्याने वाचल्याशिवाय सही करू नये. फोनवर ती चौकट उगवते तेव्हा पास करणारे अधिकारी तुम्ही असता. घरातल्या आजी-आजोबांनाही हे एकदा समजावून सांगा. हिशेब करणारा प्रोग्रॅम तुमचे फोटो कशाला मागतो, अनोळखी माणसाला तुमचा पडदा कशाला पाहायचा आहे, हे विचारायला संगणकशास्त्र लागत नाही. मागे रांग कितीही मोठी असो, स्लिप आधी वाचावी. संशय आला तर 'नाही' म्हणावं. खरं काम असलेला ग्राहक पुन्हा येतो.