सुरपूरचा राजा आणि त्याचा इंग्रज पालक

1857 चा उठाव म्हटला की मीरत, दिल्ली, कानपूर ही नावे आठवतात. दख्खनमध्ये कृष्णेच्या खोऱ्यातील सुरपूर संस्थानानेही त्या काळात शस्त्र उचलले होते. जुन्या गुलबर्गा जिल्ह्यातील हे बेडर नायकांचे संस्थान आज यादगीर जिल्ह्यात मोडते. तेथील उठावाची कथा फिलिप मेडोज टेलर या इंग्रज प्रशासकाच्या आयुष्याशी निगडित आहे.

1808 मध्ये लिव्हरपूल येथे जन्मलेला टेलर कोवळ्या वयात मुंबईस आला आणि 1824 मध्ये निजामाच्या सैन्यात दाखल झाला. पुढे त्याची सुरपूरला नेमणूक झाली. राजा वेंकटप्पा नायक त्या वेळी अल्पवयीन होता. टेलरने कारभाराची घडी बसवली आणि राजपुत्राच्या शिक्षणाकडेही लक्ष दिले. राजा त्याला ‘अप्पा’ म्हणत असे. 1853 मध्ये सत्ता राजाच्या हाती सोपवून टेलर मराठी मुलखातील नळदुर्गला गेला.

उठाव भडकला तेव्हा, ऑगस्ट 1857 मध्ये, टेलरची बदली वऱ्हाडात बुलढाण्याला झाली. त्याच्या मदतीला इंग्रज फौज नव्हती. प्रजेचा विश्वास आणि स्थानिक हस्तक यांच्या बळावरच त्याने तो जिल्हा शांत राखला. इकडे फेब्रुवारी 1858 मध्ये वेंकटप्पाने सुरपूरला इंग्रजांशी सामना केला. कॅप्टन न्यूबेरी त्यात मारला गेला. राजा हैदराबादला निसटला, पण सालारजंगाच्या माणसांनी त्याला पकडले.

टेलर त्याला तुरुंगात भेटला. राजाला झालेली मृत्युदंडाची शिक्षा पुढे सौम्य होऊन चार वर्षांच्या कैदेवर आली. मात्र चेंगलपट्टूकडे नेले जात असताना वाटेतच गोळी लागून त्याचा अंत झाला. आपण वाढवलेल्या राजाच्या जप्त संस्थानाचा कारभार पाहण्याची वेळ टेलरवर आली.

1860 मध्ये इंग्रजांनी सुरपूर निजामाला त्याच्या निष्ठेचे बक्षीस म्हणून दिले. नळदुर्गचा मुलूखही परत गेला. त्याच वर्षी टेलर मायदेशी परतला, आणि 1876 मध्ये फ्रान्समधील मांतों येथे निवर्तला. व्यक्तिगत जिव्हाळ्यावर एक जिल्हा शांत राहू शकला, परंतु परकीय सत्तेच्या राजकारणापुढे तोच जिव्हाळा वेंकटप्पाचे राज्य वाचवू शकला नाही. वसाहतीच्या कारभारातील चांगुलपणाची मर्यादा सुरपूरच्या या इतिहासात स्पष्ट दिसते.