गाडीचं घर केलं, पण विम्याच्या कागदावर ती अजून साधी व्हॅनच आहे का?

गाडीत बेड, छोटासा ओटा, टपावर सोलर पॅनल आणि मागचं दार उघडलं की समोर कोकणातला समुद्र. असे रील्स बघून आपणही जुनी व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर करावं, असं अनेकांना वाटतं. महाराष्ट्र सरकारने तर २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण रीलमध्ये सहसा न दिसणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे विमा.

सक्तीचा विमा कोणता?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचा जीव गेला, कुणी जखमी झालं किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर भरपाई या विम्यातून मिळते. विमा नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे अपघाताची लाखोंची भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागते.

गाडीमागे ओढायचा कॅम्पिंग ट्रेलर असेल तर? त्याला इंजिन नाही म्हणून कागदपत्रं नकोत, असं समजू नका. कायद्यातल्या 'मोटार वाहन' या व्याख्येत ट्रेलरही येतो.

खर्च किती?

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी कारसाठी वर्षाला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये लागतात. जीएसटी वेगळा. तुम्हाला कोणता दर लागेल, हे आरसीवर गाडीचा वर्ग काय लिहिलाय त्यावर ठरतं. भाड्याने चालणाऱ्या गाड्यांचे दर निराळे असतात.

स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून हवं असेल तर कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी घ्यावी लागते. खरी गडबड इथेच होते.

सहा लाख कुठे गेले?

समजा, १५ लाखांची व्हॅन साडेतीन वर्षं जुनी आहे. ४० टक्के घसारा धरला तर तिची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, ९ लाख होते. आत तुम्ही ६ लाखांचं काम केलं, पण कंपनीला कळवलं नाही. उद्या शॉर्ट सर्किट होऊन गाडी जळाली, तर ते ६ लाख पॉलिसीत कुठेच नाहीत. उलट बदल लपवले म्हणून संपूर्ण क्लेमच नाकारला जाऊ शकतो.

इन्व्हर्टर, बॅटरी, फ्रिज अशा वस्तूंची किंमत कळवून त्यांचा विमा घेता येतो. त्यासाठी साधारण किमतीच्या ४ टक्के प्रीमियम धरला जातो. म्हणजे २ लाखांच्या वस्तूंसाठी ८,००० रुपयांच्या आसपास. लॅपटॉप, कॅमेरा, कपडे मात्र मूळ मोटार विम्यात येत नाहीत.

आधी आरटीओ, मग सुतार

कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती बदलेल असे फेरफार मनाने करता येत नाहीत. तसं केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भारतात मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. म्हणून काम देण्याआधी बनवणाऱ्याला विचारा: या मानकाप्रमाणे मंजुरी आहे का? आरसीवर कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन अशी नोंद होईल का? नोंद झाली की नवी आरसी, बिलं आणि फोटो विमा कंपनीला द्या आणि बदल पॉलिसीवर चढवून घ्या.

आणखी एक. खर्च निघावा म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी 'वीकेंडला भाड्याने' देऊ नका. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. आणि तुम्हीच कॅराव्हॅन भाड्याने घेणार असाल, तर निघण्याआधी आरसी आणि पॉलिसी मागून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.