अफवांच्या मुळाशी – लेखांक ६ : शेवट कापलेली चित्रफीत

मोटारसायकलवरून दोघे जण गल्लीत शिरतात, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांमधल्या एका लहानग्याला उचलतात आणि पसार होतात. २०१८ साली ही चित्रफीत ‘मुले पळवणारी टोळी’ म्हणून देशभर फिरली. मुळात ती कराचीतली जनजागृतीची जाहिरात होती. मूळ फितीत तेच दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवायला सांगणारा फलक धरतात. कोणीतरी नेमका हाच भाग कापला. अशा अफवांच्या त्याच दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने मारून टाकले.

कापलेली फीत मूळ फितीशी जुळवणे संगणकाला जमते. सरसकट तुलना मात्र कुचकामी ठरते, कारण व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल दाबली जाते आणि तिचे आकडे पार बदलतात. म्हणून फितीतली मोजकी दृश्ये घेऊन प्रत्येक दृश्य ९ बाय ८ ठिपक्यांइतके लहान करतात, रंग काढून टाकतात आणि प्रत्येक ठिपका शेजारच्यापेक्षा उजळ की गडद, एवढेच नोंदवतात. ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा ६४ उत्तरांची ओळ तयार होते. दोन ओळींत चार-पाच जागीच फरक असेल, तर दृश्य बहुधा एकच. चित्र आरशातल्यासारखे उलटवले की ही युक्ती फसते. तिथे चित्राचा आशय ओळखणारी, उदाहरणे देऊन शिकवलेली संगणकीय प्रारूपे लागतात.

मजकुराचेही असेच. वाक्याचे रूपांतर शेकडो आकड्यांच्या मालिकेत करतात. अर्थ जवळचा असेल तर आकडेही जवळचे येतात. ‘पोरं उचलणारी टोळी आली’ आणि ‘मुले पळवणारे लोक फिरत आहेत’ हे दोन्ही संदेश त्यामुळे एका ढिगात पडतात. मराठीसाठी पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने अशी प्रारूपे खुली केली आहेत.

पण संदेश मिळणार कुठून? व्हॉट्सॲपवरचे बोलणे कुलूपबंद असते आणि ते तसेच राहावे, असे माझे ठाम मत आहे. तैवानमधल्या ‘कोफॅक्ट्स’ या नागरी उपक्रमाने २०१६ पासून वेगळी वाट धरली. ‘लाइन’ या ॲपवर आलेला संशयास्पद संदेश लोक आपणहून त्यांच्या बॉटकडे पाठवतात. तसाच संदेश आधी तपासलेला असेल, तर उत्तर लगेच मिळते. नसेल तर स्वयंसेवक शोध घेऊन ते लिहितात. यंत्र फक्त साम्य सांगते, खरे-खोटे माणूसच ठरवतो. जमलेला संग्रह सर्वांना खुला आहे. भारतात ‘टॅटल’ ही संस्था तथ्यतपासनीसांसाठी अशीच खुली साधने बांधते.

आपल्याकडची मोठी उणीव बोलींची आहे. धुळे जिल्ह्यातल्याच साक्रीच्या बाजारात अफवा अहिराणीत किंवा भिलीत, बहुतेकदा आवाजी संदेशातून पोहोचेल, आणि या बोलींचे ध्वनिमुद्रण प्रारूपांच्या वाट्याला फारच थोडे आले आहे. खानदेशातल्या महाविद्यालयांनी बोलणाऱ्यांची संमती घेऊन ते गोळा केले, तर अशा संदेशांचीही जुळणी करता येईल.

पुढील आठवड्यात : एकाच मिनिटाला एकच मजकूर टाकणारी शेकडो खाती कशी शोधतात?